मीटरबाईंच्या वहीतलं आमचं पान

पहिलं वर्षभर मला वाटायचं, या बाई किती अदबीने वागतात! दर महिन्याच्या अकरा तारखेला सकाळी बाजूच्या फाटकाच्या कडीवर लोखंडी आकड्याचे तीन ठोके पडायचे आणि मागोमाग हाक यायची, "साहेब, मीटर!" मी कवळ्या करणारा माणूस. दाताचे डॉक्टर तोंडांचे ठसे पाठवतात, आणि मी घराच्या पुढच्या खोलीत बसून त्यावर आधी मेणात आणि मग पक्के दात बसवतो. मला साहेब म्हणणारं कुणी नाही. डॉक्टर 'अहो कवळीवाले' म्हणतात, आणि घरात ज्या नावाने हाक मारतात ते लिहिण्यासारखं नाही. त्यामुळे ती हाक आली की मी हातातलं मेण खाली ठेवून, केस जरा सारखे करून बाहेर जायचो.

मग एके दिवशी बायको म्हणाली, "तुम्ही कशाला धावता? त्या कुत्र्याला हाक मारतायत."

आमच्या कुत्र्याचं नाव साहेब. पिल्लू होता तेव्हा माझ्या कामाच्या खुर्चीत चढून बसायचा आणि उठवलं की गुरगुरायचा, म्हणून मुलीने ठेवलेलं. मीटरबाईंची रीतच तशी होती. फाटकावर आधी कुत्र्याच्या नावाने हाक, मग कामाची. मी जरा चिडूनच कारण विचारलं, तर म्हणाल्या, "कोण आलंय ते कुत्र्याला आधी कळायला हवं, भाऊ. माणसाला उशिरा कळलं तरी तो काही चावत नाही." मी परत कामावर जाऊन बसलो.

त्या पाणीखात्याच्या. पाण्याची मीटरं असतात अंगणात, जमिनीतल्या खड्ड्यात, लोखंडी झाकणाखाली. म्हणजे वाचणाऱ्याने परक्याच्या आवारात शिरायचं, वाकायचं, आकड्याने झाकण उचलायचं आणि खड्ड्यात डोकं घालायचं. कुत्र्याच्या नजरेने पाहिलं तर चोर याहून वेगळं काय करतो? खात्यातल्या प्रत्येकाच्या पोटरीवर एक तरी खूण आहे. एकाची खूण बसायच्या जागी आहे, आणि तो तिच्याबद्दल बोलतो फार, दाखवत मात्र नाही. मीटरबाईंना एकोणीस वर्षांत एकदाही दात लागला नव्हता.

आणि गंमत म्हणजे बाई मुळात कुत्र्यांना भिणाऱ्या. आठ वर्षांच्या असताना शेजारच्या कुत्रीने पोटरी धरली होती. पुढे शाळा सुटेपर्यंत त्या घरावरून न जाता लांबचा वळसा घालून जायच्या. खात्याची परीक्षा पास झाल्या तेव्हा टेबलाचं काम मिळेल अशी आशा होती, मिळाली फेरी. साडेचारशे घरं, त्यातल्या निम्म्या घरांत कुत्री. पहिला महिना त्या प्रत्येक फाटकाबाहेर उभ्या राहून आधी घाम पुसायच्या, मग कडी काढायच्या. आई म्हणाली, सोडून दे ही नोकरी. बाईंनी त्याऐवजी एक वही सुरू केली.

"भीती जात नाही हो," त्यांनी मला एकदा सांगितलं होतं. "पण तिला कामाला लावता येतं. ज्याची भीती वाटते त्याची माहिती काढायची."

त्या वहीत घरटी एक पान. 'तांबडा. साखळी कच्ची.' 'काळी. गरीब. पिल्लं असताना नाही.' 'बुटका पांढरा. भुंकत नाही, सरळ येतो.' 'म्हातारा. डाव्या डोळ्याने दिसत नाही, डावीकडून जाऊ नये.' पहिल्या पानावर नियम होते, पळायचं नाही, डोळ्याला डोळा द्यायचा नाही, आडवं उभं राहायचं आणि पिशवी पुढे धरायची, असे. सगळ्यांत खाली लाल शाईने लिहिलेलं: 'मालक म्हणाला "चावत नाही", की थांबावं.' पेपर टाकणारे, कुरियरवाले, नवीन आलेले पोस्टमन त्या वहीतून आपापल्या गल्लीची पानं उतरवून न्यायचे. शाळेतही त्यांना बोलवायचे. मुलांना त्या सांगायच्या, कुत्रा अंगावर आला तर मीटर व्हायचं. मीटर कसं एका जागी राहतं आणि आतल्या आत मोजत असतं, तसं हात अंगाशी घेऊन उभं राहायचं आणि मनात आकडे मोजायचे. एकदा माझ्या मुलीच्या वर्गात सगळी पोरं अर्धा तास मीटर होऊन उभी होती म्हणे, आणि मास्तरांना एवढी शांतता सोसेना.

आमच्या पानावर एकच शब्द होता. गरीब. मी तो डोळ्यांनी पाहिला होता आणि मला त्याचा अभिमान वाटला होता. त्या शब्दापायी जे झालं ते सांगायला मी बसलोय. सांगता सांगता मला माझाच राग येणार आहे, तेवढा चालवून घ्या.

त्या उन्हाळ्यात साहेबाने सिलिंडरवाल्याला धरलं. नुसती पँट फाटली असं मी घरात सांगितलं, पण आत दोन दात टेकले होते आणि रक्त आलं होतं. मी त्याला दवाखान्यात नेलं, इंजेक्शनं देववली, नवी पँट घेऊन दिली, आणि हात जोडून म्हणालो, "कुणाला बोलू नका. आमचा गरीब आहे. सिलिंडर आपटलात म्हणून दचकला." तो भला माणूस, कुणाला बोलला नाही.

आठवड्याभराने अकरा तारीख आली. मीटरबाई दर महिन्याला प्रत्येक घरी एक प्रश्न विचारायच्या, "काही नवीन?" पुष्कळांना वाटायचं त्या घरच्या बातम्या विचारतायत, आणि ते मुलीच्या लग्नापासून सुरुवात करायचे. प्रश्न कुत्र्याबद्दल असायचा. मला तो चांगला कळत होता. मी म्हणालो, "काही नाही हो. आहे तसाच. गरीब."

त्यांनी मान डोलावली आणि वही न उघडताच पुढे गेल्या. माणसांच्या 'चावत नाही'वर विश्वास न ठेवणारी बाई, पण माझ्यावर ठेवला. सात वर्षांत मी त्यांच्याशी एकदाही खोटं बोललो नव्हतो ना!

चार महिन्यांनी साहेबाचा कान सुजला. आत पू झाला होता, कुणी जवळ आलं की गुरगुरायचा. दहा तारखेला खात्याची चिठ्ठी आली, 'उद्या मीटर. कुत्रा बांधून ठेवावा.' ती मी प्लास्टरच्या डब्याखाली ठेवली आणि विसरलो. अकराला सकाळी डॉक्टरांचा कंपाउंडर एक घाईची कवळी न्यायला आला होता. माझी कवळीचे दात घासायची मोटर सुरू होती, त्यामुळे आम्ही दोघंही ओरडून बोलत होतो. कवळी घेऊन तो पुढच्या दाराशी गेला आणि म्हणाला, "बरं, येतो." मी जागेवरूनच ओरडलो, "या!"

आता आपल्या बोलण्याची ही रीतच आहे. जाणारा 'येतो' म्हणतो आणि आपण त्याला 'या' म्हणून वाटेला लावतो. 'जा' कसं म्हणायचं? तेव्हा येणाऱ्यालाही 'या' आणि जाणाऱ्यालाही 'या'. त्याच क्षणी बाजूच्या फाटकावर तीन ठोके पडले होते आणि हाक आली होती, "साहेब, मीटर! येऊ का?" मोटरच्या आवाजात ती मला ऐकू आली नाही. माझा 'या' मात्र फाटकापर्यंत खणखणीत पोचला.

बाईंनी नेहमीसारखे वीस आकडे मोजले. कुत्रा आला नाही. त्यांनी कडी काढली, आत आल्या, वाकून झाकण उचललं. साहेब पाण्याच्या टाकीमागे सावलीत, दुखरा कान वर करून झोपला होता. झाकण त्या कानाशी खणकन वाजलं, आणि त्याने त्यांचा उजवा हात धरला.

किंकाळी वगैरे काही मला ऐकू आली नाही. ऐकू आला तो एक सावकाश आवाज, "साहेब, सोड. सोड बाळा." मी धावत गेलो तर बाई ताठ उभ्या, डोळे खाली, हात कुत्र्याच्या तोंडात, आणि तो हात त्या ओढत नव्हत्या. ओढला असता तर अंगठा गेला असता, असं सर्जन नंतर म्हणाले. साहेबाने आपणहून सोडलं. मग त्या अंगणातल्या नळाखाली बसल्या. मी खांबासारखा उभा होतो, तर मलाच म्हणाल्या, "भाऊ, साबण आणा. आणि घड्याळ बघा, पंधरा मिनिटं धुवायचंय." बायकोने कुत्रा बांधला. नळाचं पाणी लाल वाहत होतं आणि बाई तिला सांगत होत्या, "वहिनी, तेवढा आकडा लिहून घ्या, चौऱ्याण्णव शून्य सात. आणि झाकण लावा, कुणीतरी पाय घालेल."

मी त्यांचा हात पाहिला. माझा धंदाच दातांचा. वरचे दोन सुळे, खालचे दोन, खालचा डावा जरा तिरका. आमच्याच घरचे. अंगठ्याच्या मुळाशी तो तिरका सुळा खोल गेला होता.

शस्त्रक्रिया झाली. भेटायला गेलो तेव्हा त्यांचे यजमान, शाळेची बस चालवणारे, मला दाराबाहेर घेऊन आले. मला वाटलं आता कानाखाली बसणार, आणि मी तयारही होतो. ते म्हणाले, "हात दुखतो म्हणून जागी नाही राहत ती. फेरी काढून घेतील म्हणून जागी असते. चौकशी लागलीय. विचारल्याशिवाय आत गेली असं ठरलं, तर कायमची टेबलावर बसवतील. वहीतली अर्धी कुत्री तिने पिल्लं असल्यापासून पाहिलीत."

यावर मी काय म्हणालो? 'बघू या' म्हणालो. माझी दातखिळी बसली होती, आणि दुसऱ्यांना दात करून देणाऱ्याला हे शोभत नाही.

कारण घरी माझा मेव्हणा बसला होता. तो वकील. त्याने मला कायदा समजावला. कुत्रा ज्याचा, जबाबदारी त्याची. पण आलेला माणूस परवानगीने आला होता का, हे बघतात. आणि मालकाला कुत्र्याची खोड आधीपासून ठाऊक होती का, हेही बघतात. "दाजी, तुमचा 'या' कंपाउंडरला होता, खरं ना? मग तेवढंच सांगायचं. बाई बिनपरवानगी आल्या. खात्याच्या चौकशीत हे एकदा लिहिलं गेलं, की तुमच्यावरचा दावा उभाच राहत नाही. आणि सिलिंडरवाल्याचा विषय आपण होऊन काढायचा नाही." वर म्हणाला, यात खोटं एक अक्षर नाही. तेही खरंच होतं. मी शेपूट घातलं आणि मान डोलावली. बायको दोन दिवस माझ्याशी बोलली नाही. तिसऱ्या दिवशी बोलली, त्यापेक्षा न बोललेली बरी होती.

चौकशी खात्याच्या एका लांबट खोलीत झाली. भिंतीला फायलींचे गठ्ठे, टेबलावर आमच्या अंगणाचा नकाशा, आणि मागे चष्मा कपाळावर ठेवून चष्मा शोधणारे अधिकारी. मीटरबाई उजवा हात गळ्यात बांधून समोर बसल्या होत्या. त्यांची वही टेबलावर होती. त्यांनी स्वतःच आणून दिली होती, पान न पान शाबूत.

सुरुवातीला जरा घोळ झाला. बाई म्हणाल्या, "साहेब टाकीमागे झोपले होते." कारकुनाने तसं लिहिलं. "झाकण वाजल्यावर साहेबांनी चावा घेतला." कारकुनाचा पेन थांबला. अधिकारी म्हणाले, "कोणते साहेब?" मी हळूच सांगितलं, "आमचे. चार पायांचे." एवढ्या ताणात सगळे हसले, बाईही हसल्या.

मग कंपाउंडरने सांगितलं, तो 'येतो' म्हणाला तेव्हा मी 'या' म्हणालो. बाईंच्या चेहऱ्यावरून कळत होतं, ही गोष्ट त्यांना आज पहिल्यांदाच समजत होती. मेव्हणा उठला. त्याला असे क्षण फार आवडतात. "बाई, यांनी तुमच्याकडे बघून 'या' म्हटल्याचं तुम्ही पाहिलंत?"

'हो' म्हणायचं होतं फक्त. खोलीत कुणीही ते खोडून काढू शकलं नसतं. मी पाठमोरा होतो, कंपाउंडर दाराबाहेर गेलेला, आणि कुत्र्याची साक्ष काढता येत नाही. त्यांची फेरी, त्यांची एकोणीस वर्षं, सगळं त्या एका शब्दावर होतं. त्यांनी डाव्या हाताचं बोट नकाशातल्या फाटकावर ठेवलं.

"नाही," त्या म्हणाल्या. "मी 'या' ऐकलं. कुणाला म्हटलं ते पाहिलं नाही. पाहायला हवं होतं. सगळ्यांना मीच सांगत फिरते, माणूस दिसल्याशिवाय कडी काढू नका. त्या दिवशी मी काढली."

अधिकाऱ्यांना ते ऐकवलं नसावं. त्यांनी वही पुढे ओढली. "आणि तुमच्या पानावर तर या कुत्र्यापुढे 'गरीब' लिहिलंय."

"तीही चूक माझीच आहे," बाई म्हणाल्या. "मी दर महिन्याला विचारते. पण विचारून भागत नाही. खात्री करून घ्यायला हवी होती." हे बोलताना त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही. पाहिलं असतं तर कदाचित मी निगरगट्टासारखा बसून राहिलो असतो.

खाई त्याला खवखवे म्हणतात. मी उठलो. मेव्हण्याने खालून माझी पँट ओढली, तरी उठलो. म्हणालो, "साहेब, म्हणजे तुम्ही, खरेखुरे. वहीतला 'गरीब' बाईंचा नाही, माझा आहे. आमचा कुत्रा चार महिने आधी सिलिंडरवाल्याला चावला होता, रक्त आलं होतं. बाईंनी आठवड्याने विचारलं, तेव्हा मी काही नाही म्हणालो. आदल्या दिवशी चिठ्ठी आली होती. कुत्र्याचा कान दुखतोय हे मला ठाऊक होतं. बांधायचं काम माझं होतं. 'या' कुणाला होता हे आता विचारूच नका. या बाईंनी केलं असतं काय? त्यांची वही लोकांच्या खरं बोलण्यावर चालते."

पुढचं थोडक्यात सांगतो. बाई आपल्या नेहमीच्या पद्धतीने हाक देऊन, उत्तर ऐकून आत गेल्या, तेव्हा दोष त्यांचा धरता येत नाही, असं अधिकाऱ्यांनी लिहिलं. खोड माहीत असून लपवली आणि चिठ्ठी येऊनही कुत्रा मोकळा ठेवला, म्हणून जबाबदारी पूर्ण माझी. औषधपाणी, बुडालेला पगार, दंड, सगळं माझ्याकडे आलं आणि मी ते कुरकुर न करता भरलं. फाटकावर पाटी लागली, साहेबाला तोंडाची जाळी आली, आणि मागे तारेचा वेगळा आडोसा झाला. कुत्रा नेणार की काय, ही धास्ती होती. त्यावर बाईच बोलल्या, "दुखणाऱ्या कानाशी मी लोखंड वाजवलं. त्याने दुसरं काय करायचं?" त्यांची फेरी राहिली. सगळ्या वाचकांसाठी नवा नियम निघाला, माणूस दिसल्याशिवाय कडी काढू नये, आणि त्याचा मजकूर अधिकाऱ्यांनी त्यांनाच विचारून लिहिला.

मेव्हणा मात्र भडकला. "याला म्हणतात हात दाखवून अवलक्षण!" म्हणाला. हात माझा नव्हता, हे त्याच्या ध्यानात आलं नाही.

चार महिन्यांनी, अकरा तारखेला, पुन्हा तीन ठोके पडले. मी मोटर बंद करून धावलो. मीटरबाई फाटकाबाहेर उभ्या. साहेब बांधलेला होता, तो मी त्यांना लांबून दाखवला, मग त्या आत आल्या, डाव्या हाताने झाकण उचललं, आकडा वाचला. नंतर वही काढून आमचं पान उघडलं. 'गरीब' तसंच होतं.

"हे बदलायचं राहिलंय," त्या म्हणाल्या. "पण माझा अंगठा अजून पेन धरत नाही. तुम्हीच लिहा."

मी अंगणात फाटकाशी बसलो आणि त्यांच्या वहीत माझ्या हाताने लिहिलं. 'गरीब' खोडला. सिलिंडरवाला लिहिला, महिना लिहिला. कान दुखतो तेव्हा जवळ जाऊ नये, असं लिहिलं. मीटरबाई, उजवा हात, हे लिहिताना अक्षर बिघडलं. त्यांनी वाचून पाहिलं.

"कुत्र्याचं झालं," त्या म्हणाल्या. "मालकाचंही लिहिते मी."

मी विचारलं, "काय लिहू?"

"ते तुम्हीच ठरवा."

बायको पायरीवर येऊन उभी राहिली होती. मी तिच्याकडे एकदा पाहिलं. मग लिहिलं, 'मालक खोटं बोलतो.' आणि वही त्यांच्याकडे दिली.

त्यांनी ते वाचलं, वही परत माझ्या मांडीवर ठेवली, आणि न वळणाऱ्या अंगठ्याने शेवटचा शब्द दाखवला.

"'बोलतो' नको, भाऊ," त्या म्हणाल्या. "'बोलला' करा."